कापसाचं जाकीट

"त्याचं ते जाकीट आधी उतरवा हो, मग पोर तिच्या हातात द्या."

आजी हे मला म्हणाली नाही. मी खाटेपासून दोन हातांवर उभी होते, तरी मला नाही. बाईंना म्हणाली. बाई म्हणजे आमच्या मुलांच्या वॉर्डातल्या मुख्य नर्स, मला शिकवणाऱ्या. खाटेवर आजीचा नातू, आठ महिन्यांचा. न्यूमोनिया. श्वास घेताना नाकपुड्या उडत होत्या. पौषातली सकाळ, खाडीवरून वारा, आणि डॉक्टरांच्या हुकमानं खिडक्या उघड्या.

उघड्या पोराला विटाळ नसतो, हे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक. विटाळ चिकटतो तो कपड्याला. म्हणून महाराच्या बाईनं पोर उचलायचं तर ते नागडं उचलायचं. काम झालं की घरच्यांनी परत कपडे चढवायचे. पोर सोवळं ते सोवळंच. ज्यानं हे शोधून काढलं त्याच्या पोराला कधी न्यूमोनिया झाला नसावा.

आणि जाकीट मीच शिवलं होतं. पातळ कापडाच्या दोन घड्या, मध्ये कापूस, छातीपाठीला बसेल असं, खांद्यावर बंद. कापूस सारखा पसरला नाही म्हणून बाईंनी मला ते तीनदा उसवायला लावलं होतं. आजीला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते पोराच्या अंगाला लागलंच नसतं.

मी बाईंकडे बघितलं. आता त्या बोलतील, असं मला वाटलं.

बाईंनी बंद सोडले.

बाई कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाई ब्राह्मणाच्या, बालविधवा. सासरमाहेर दोन्ही तुटलेलं. पुण्याला जाऊन नर्सिंग शिकल्या. देवी टोचणाऱ्यांबरोबर एकदा आमच्या गावात आल्या, तेव्हा महारवाडीतली रडणारी पोरं मी धरून बसले होते. मी चौथी झालेली, शाळेच्या पडवीत बसून. बाप मुंबईला गोदीत. बाई माझ्या आयेला म्हणाल्या, "मुलगी द्या मला. माणूस करून परत देते." मी आधी कोण होते, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षं शिकले. पोराची नाडी कशी मोजायची. वजन करताना दुपट्याचं वजन कसं वजा करायचं. बाटल्या किती वेळ उकळायच्या. जवसाचं गरम पोटीस आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचं, मग पोराच्या छातीला. बाई म्हणायच्या, "पोराच्या तोंडाकडे बघू नकोस, बरगड्यांकडे बघ. पोराला बोलता येत नाही, त्याच्या बरगड्या सांगतात." अजून मी आधी बरगड्याच बघते.

त्या काळात रत्नागिरीत सहभोजनं चालली होती. बाई गेल्या, मला घेऊन गेल्या, पंगतीत माझ्या शेजारी बसल्या. माझ्या हातचं पाणी चारचौघांत प्यायल्या. म्हणाल्या, "नर्सच्या हाताला जात नसते, पोरी." मी विश्वास ठेवला. तेवढा मी देवावरही ठेवला नव्हता.

तर त्या दिवशी जाकीट तीनदा उतरलं. एकदा चमच्यानं दूध पाजताना, एकदा पोटीस बदलताना, एकदा ताप बघताना. दर वेळी उतरवायच्या बाई, आणि परत चढवायची आजी, सावकाश, देवाचं नाव घेत. दुसऱ्यांदा मी हळूच म्हटलं, "बाई, त्याला थंडी बाधेल." "मला कळतं," बाई म्हणाल्या. त्यांना कळत होतंच. आजीच्या मुलानं वॉर्डाला खाटा दिल्या होत्या, हेही त्यांना कळत होतं.

दुपारी पोराचे ओठ निळे पडले. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. डॉक्टर धावत आले. इंजेक्शन, मोहरीच्या गरम पाण्याची अंघोळ, गरम बाटल्या. त्याला पाण्यात मी धरला होता. तेव्हा आजी काही बोलली नाही. पोर वाचलं. हे आताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडेच राहील.

डॉक्टरांनी हात पुसत विचारलं, "या थंडीत याला उघडं कुणी केलं?"

आजी खिडकीबाहेर बघत राहिली. बाई म्हणाल्या, "नवी मुलगी आहे. जाकीट काढलं आणि घालायला विसरली."

विसरली. मी.

मी हातातलं ओलं फडकं पिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपड्यांच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं. "डॉक्टरांनी वहीत लिहिलंय. तू खाली सही कर. परीक्षा दीड महिन्यावर आली आहे, तुला काढू देणार नाही मी. पण खरं बाहेर आलं तर मला इथून जावं लागेल. मला घर नाही, पोरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. सही करायचं जवळजवळ ठरवलंही होतं. मग लक्षात आलं. दोष कुणाच्या नावावर टाकला तर कुणी उलटून विचारणार नाही, हे बाईंनी बरोबर ओळखलं होतं. दोन वर्षं माझ्या हाताला जात नव्हती. गरज पडली तेव्हा ती त्यांना बरोबर सापडली.

डॉक्टरांच्या टेबलावर वही उघडी होती. बाईंनी स्वतः टाक माझ्या हातात दिला. मी सही केली नाही. खाली लिहिलं: 'जाकीट मी काढले नाही. आजींनी सांगितले, बाईंनी काढले. मी महार आहे म्हणून काढले.' त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

डॉक्टरांनी वाचलं. बाईंना विचारलं, "हे खरं आहे?"

बाई म्हणाल्या, "मी हिला मुलीसारखं वागवलं."

हे काही उत्तर नव्हतं. पण डॉक्टरांना तेवढं पुरलं. जेवणाच्या आत माझी पेटी फाटकाबाहेर होती. परीक्षा राहिली ती राहिलीच.

घरी गेले तर आयेनं एकच विचारलं. "बाय, तू लबाडी केलीस काय?" मी नाही म्हटलं. "मग जेव," म्हणाली.

आता मी वाड्या-वाड्यांतून फिरते. बाळंतीण, तापाचं पोर, हगवणीचं पोर. माझ्याकडे कागद नाही, म्हणून मला नर्स म्हणत नाहीत. वरच्या आळीतूनही बोलावणं येतं. तिथे उंबऱ्यातच पोराचं आंगडं काढायला लागतात. मी पायरीवरून सांगते, "कपड्यासकट माझ्या हातात द्या." कुणी चिडतं, कुणी कुरकुरतं, शेवटी देतात. पोर तापानं फणफणत असलं की शास्त्र मागे पडतं.

आजीचा मला राग नाही. तिनं मला कधी पोरी म्हणून हाक मारली नव्हती.

परवा शाळेचे मास्तर रत्नागिरीहून आले. म्हणाले, "बाई थकल्यात. तुझी आठवण काढतात. एकदा जाऊन पाया पडून ये. त्यांचं तरी काय चालत होतं?" मी विचारलं, "आठवण काढतात, की कबूल करतात?"

बाईंनी डॉक्टरांसमोर उभं राहून सांगावं, जाकीट मी काढलं, या मुलीनं नाही. ते ऐकायला मी चालत जाईन. तोवर जाणार नाही. त्या आजारी पडल्या तरी नाही. गेल्या असा निरोप आला तरी नाही.