एका नंबराला एक नाव

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांना सगळे डायलटोन म्हणायचे. विचारात पडले की नाकातल्या नाकात एकच सूर धरायचे, म्हणून. नोकरी संपली, पण नाव सुटलं नाही आणि सूरही सुटला नाही. बायको म्हणायची, "तुम्ही घरात आहात हे कळायला मला डोळे लागत नाहीत, कान पुरतात."

ती गेली आणि तिचा बटणांचा जुना फोन त्यांच्या टेबलावर आला. बॅटरी फुगलेली, मागचं झाकण रबरबँडने धरलेलं. पण आत तिची सगळी माणसं होती, तिनेच ठेवलेल्या नावांनी. 'दूध खरं', 'दूध पाणीदार', 'शिंपीण उद्यावाली', 'धाकटी फुगलेली'. डायलटोनना नंबरांची फिकीर नव्हती. शिंपिणीचा नंबर चार घरी विचारला असता तरी मिळाला असता. 'उद्यावाली' कुठून मिळणार?

नावं दुसऱ्या फोनवर घ्यायला ते मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, नंबर निघतील. नावांच्या जागी चौकोन येतील. चालेल?"

त्यांनी फोन रुमालात गुंडाळला आणि घरी आणला.

मग त्यांनी स्वतःच यंत्र करायला घेतलं. काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, मेमरी कार्डाची खाच, फोनला जोडायची केबल आणि हे सगळं मावायला साबणाची डबी. काम साधं: फोनला विचारायचं, पहिल्या जागी कोण? उत्तर येईल ते कार्डावर उतरवायचं, की पुढची जागा.

उत्तरं आली, पण नुसत्या आकड्यांच्या माळा. चार आकड्यांचं एक अक्षर, हे कळायला त्यांना बरीच डोकेफोड करावी लागली. पहिली माळ होती 09060908. देवाचं नाव घेऊन त्यांनी ती सोडवली. आ. ई. सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली होती, आणि लेकीने नंबर तसाच ठेवला होता. ते कितीतरी वेळ त्या दोन अक्षरांकडे बघत बसले.

प्रोग्रॅममध्ये त्यांनी आपल्या मनची एक ओळ घातली होती: एकदा येऊन गेलेला नंबर पुन्हा आला, तर सोडून दे. सगळी हयात एक्स्चेंजमध्ये गेलेली. एका नंबराला एक नाव. एकच नंबर दोन नावांवर दिसला की तो फॉल्ट, आणि फॉल्ट दिसला की काढायचा. हात तसेच वळलेले.

कार्ड भरलं. फोनने दोनदा डोळे मिचकावल्यासारखं केलं आणि विझला. नवी बॅटरी घातली, बाहेरून वीज दिली, बोर्ड पुसून पाहिला. काही केल्या उठेना. 'असो, माणसं तर उतरली,' म्हणत त्यांनी मोजदाद केली. फोन शेवटपर्यंत नावांचा जो आकडा दाखवत होता, त्याहून पाच कमी.

दुपारी मेहुणी आली, तेव्हा घर गप्प होतं.

"काय भावोजी, आज सूर कुठे गेला? लाइन डेड?"

"पाच नावं गेली गं. दुबार समजून मीच टाकली."

"बघू." तिने चष्मा लावून कॉम्प्युटरच्या पडद्यावरची यादी वाचली आणि मधेच फुरंगटली. "धाकटी फुगलेली! मी?"

"तूच. आता ती गेलेली पाच कोणाची, ते सांग."

तिने पुन्हा वरपासून पाहिलं. "तुमचा नंबर एकदाच दिसतोय. 'अहो' म्हणून."

"मग? किती वेळा असणार?"

मेहुणी पदराने चष्मा पुसत राहिली. "ताईला चक्कर यायची ना? म्हणायची, चक्कर आली की अक्षर सुचत नाही. कुठलंही बटण दाबलं तरी हेच लागले पाहिजेत. म्हणून सगळीकडे तुम्हालाच बसवलं होतं. माझ्यासमोरच. क वर 'किल्लीवाले', ज वर 'जेवायला या', ग वर 'गुणगुण', प वर 'पळत या'."

"ही चार झाली."

"पाचवं म वर. ते मला दाखवलं नाही तिने. पडद्यावर हात धरला आणि हसली."

"काय असेल?"

"मला काय विचारता? नवरा तुम्ही."

डायलटोननी मान खाली घातली. एका ओळीपायी, शहाणपणापायी, तिने झाकलेलं तेवढं एक कायमचं झाकलं गेलं.

त्यांनी ती ओळ काढून टाकली. आता शेजारपाजारच्या बायका नावं उतरवून घ्यायला साबणाच्या डबीपुढे जुने फोन घेऊन येतात. एखादी म्हणते, "काका, आमच्या ह्यांचा नंबर तीनदा आलाय, दोन पुसा की."

"राहू दे," ते म्हणतात. "असतील काही कारणं."

परवा संध्याकाळी त्यांनी स्वतःचा फोन उघडला. म वर मोटरवाला होता, मेहुणी होती. नवीन नाव टाका, असं फोनने विचारलं. डायलटोननी म लिहिला. पुढचं अक्षर पुष्कळ शोधलं. नाहीच सुचलं. मग नुसत्या म समोर बायकोचा नंबर घातला, जपून ठेवला, आणि नाकातल्या नाकात तोच सूर धरला.