खांद्यावरचा जास्तीचा हात

बेबीनंदाची पिठाची गिरणी आन् माझं शिलाईचं दुकान भिंतीला भिंत लागून हाये. जाफराबादेत कोणालाही तिच्या गिरणीचा पत्ता विचारा, माणूस आधी हसतो आन् मंग रस्ता दाखवतो. हसतो ते त्या कॅनडाच्या भानगडीमुळं. लोकांनी त्यात पदरचं लई घातलंय, म्हणून खरं काय ते मी सांगते. माझं नाव दैवशाला. मी डोळ्यांनी पाह्यलंय.

बेबीनंदाचा मालक लवकर गेला. तिनं गिरणी चालवून एकुलत्या एक मुकुलला शिकवलं. पोरगा कॅनडात नोकरीला लागला, तिथं कायम राहायची परवानगीसुद्धा मिळाली. मंग अंबडची अर्पिता सून करून आणली. पोरगी शिकलेली, गुणाची, जराशी अबोल. लग्न झालं, सत्यनारायण झाला, गोंधळ झाला आन् तेवढ्यात मुकुलची सुट्टी संपली. नवरा विमानात आन् नवरी सासूजवळ, असा संसार सुरू झाला.

बायकोला तिकडं न्यायचं तर मुकुलला अर्ज करावा लागतो. त्यांचा नियम असा, की नुसतं लग्न झालं म्हणून भागत न्हाई. दोघांचं एकमेकावर खरंच प्रेम हाये, कागदासाठी जुळवलेलं न्हाई, ह्याचा पुरावा जोडायचा.

"पुरावा?" बेबीनंदा उखडली. "आख्खी गल्ली जेवून गेली. आता काय ढेकरांचे दाखले आणू?"

मुकुल म्हणाला, दोघांचे फोटो पाठव. आम्ही अल्बम घेऊन बसलो. राजूरच्या गणपतीसमोर मुकुल एका अंगाला, अर्पिता दुसऱ्या अंगाला आन् मधी बेबीनंदा. रसवंतीवर मधी बेबीनंदा. शेतात, बस स्टँडवर, मामाच्या दारात, जिथं पाहावं तिथं मधी ही बया, एक हात पोराच्या खांद्यावर टाकून.

"अगं बाई, तू सासू हायेस का भिंत?" मी म्हणाले.

"मंग काय करू? दोघं लाजून चार हात लांब उभं राहत होते. मी मधी उभी राह्यले म्हणून एका फोटोत तरी आले."

आता हे खोटं न्हाई. आमच्याकडं नव्या जोडीला एकटं कुठं पाठवतात? सोबत कोणीतरी असतंच. मोबाइलवरचे मेसेज पाह्यले, तर तिथंही तीच गत. 'जेवलात का?' 'हो. तू?' 'हो. आई बोलायच्यात.' संपलं प्रेम. फोन आला तर तो स्पीकरवर, आन् अर्धा वेळ बेबीनंदाच बोलणार.

मंग मी देवानंदचं नाव सुचवलं. स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ हाये, लग्नाचे अल्बम त्याच्यासारखे तालुक्यात कोणी करत न्हाई, असं त्याचंच म्हणणं हाये.

"टेन्शन घेऊ नका मावशी," तो म्हणाला. "तुम्हाला काढून टाकतो."

"कुठून रे मुडद्या?"

"फोटोतून!"

त्यानं तिला काढलं, दोघांना जवळ सरकवलं. तिथंच थांबला असता तर बरं होतं. पण देवानंद कलावंत. म्हणाला, "तिकडच्या साहेबाला राजूरचा गणपती काय कळणार? त्याच्या ओळखीचं काहीतरी पाह्यजे." म्हणून त्यानं मागं बर्फ टाकला. एका फोटोत मोठा धबधबा, एकात लंडनचा पूल. आम्ही दोघी खूश. अर्पिता तेवढी म्हणाली, "आई, हे जरा जास्ती न्हाई का होत?" पण पोरीचं आम्ही ऐकलं कुठं! गावातल्या हरिओम ऑनलाइन सेंटरवरून सगळं मुकुलला गेलं, त्यानं कामाच्या गडबडीत न बघता तसंच पुढं पाठवलं.

मंग तिकडून उलटं पत्र आलं. अर्जात लिहिलंय की बाई कधी देशाबाहेर गेलेली न्हाई, मंग ती ह्या लंडनच्या पुलावर कधी गेली? आन् दुसरं म्हणजे, प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या खांद्यावर एक जास्तीचा हात दिसतो, मनगटावर गोंदण असलेला. तो दोघांपैकी कोणाचाच न्हाई. तो कोणाचा हाये? बराबर खुलासा न्हाई आला तर अर्ज नामंजूर.

देवानंदनं बेबीनंदाला काढलं होतं, पण तिचा हात काढायचा राह्यला होता!

मुकुल फोनवर ओरडला, मंग रडला. म्हणाला, खोटेपणाचा ठपका बसला तर वर्षानुवर्षं अर्पिता येऊ शकणार न्हाई. बेबीनंदानं चप्पल घातली, देवानंदला दुकानातून उठवलं आन् तहसीलसमोर वकिलाकडं नेलं.

देवानंदनं शपथेवर लिहून दिलं की बर्फ खोटा, धबधबा खोटा, पूल खोटा. लिहिताना त्याच्या जिवावर आलं. "लाइट तरी बराबर जमली होती," म्हणाला. बेबीनंदानं लिहून दिलं की हात माझा हाये. वर हाताचा वेगळा फोटो जोडला.

"आन् दोघांचं प्रेम खरं हाये, असं बी लिहा," ती वकिलाला म्हणाली.

"प्रत्यक्ष पाह्यलंय का तुम्ही?"

"अहो, सासू हाये मी! प्रत्यक्ष कसं पाहणार?"

त्यावर तिकडच्यांनी अर्पिताची मुलाखत ठेवली, व्हिडिओवर. तिकडची एक मॅडम इंग्रजीत विचारणार, एक दुभाष्या मराठीत सांगणार. खोलीत अर्पिता एकटीच पाह्यजे, अशी अट. आम्ही दोघी दाराआड. बेबीनंदानं आठवडाभर तिची तयारी करून घेतली होती, मुकुलला काय आवडतं, काय चालत न्हाई, सगळं पाठ.

नवरा कशाला भितो? पालीला. भाजी कोणती खात न्हाई? कारलं. पोरगी फटाफट सांगून राह्यली होती. मॅडमनी विचारलं, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?

"आईंनी सांगितलं," अर्पिता म्हणाली.

दिवसभरात सगळ्यात जास्ती कोणाशी बोलता? "आईंशी." अर्ज नामंजूर झाला तर काय कराल? अर्पिता म्हणाली, "आईंजवळ राहीन. माझं चांगलं चाललंय इथं."

मी कपाळावर हात मारून घेतला. बेबीनंदा मातर सरळ आत शिरली.

"बाई, ही लबाड बोलून राह्यली. माझं मन राखायला. नवऱ्याचा फोन ठेवला की ही गिरणीत जाती. दळण नसतं, तरी गिरणी चालू करती आन् त्या आवाजात रडती. हिला वाटतं मला ऐकू येत न्हाई. रिकामी गिरणी फिरती ते मला कळणार न्हाई?"

अर्पिता तिच्याकडं बघतच राह्यली. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. पण म्हणलं, राहू दे अजून थोडे दिवस माझ्याजवळ." बेबीनंदा मॅडमकडं वळली. "न्या हिला. जल्दी न्या."

दुभाष्यानं सगळं मॅडमला सांगितलं. मॅडमनी विचारलं, तो हात तुमचाच का? बेबीनंदानं मनगट पुढं केलं.

व्हिसा आला. अर्पिता गेली.

आता रोज सकाळी तिचा फोन येतो आन् बेबीनंदा उचलत न्हाई. "तू उचल, दैवशाला. सांग की मी कामात हाये. दोघांना एकमेकाशी बोलू दे." आन् स्वतः माझ्या दुकानात येऊन बसती, कान फोनकडं लावून. चार-आठ दिवस मी ऐकलं. परवा माझं डोस्कं फिरलं. मी फोन स्पीकरवर टाकला आन् सांगितलं, "कामात-बिमात काही न्हाई, इथंच बसलीय डोळे पुसत. बोल."

"आई," अर्पिता म्हणाली, "काल आमचं भांडण झालं. पहिल्यांदाच."

बेबीनंदा ताडकन सरळ बसली. "खरं? कशावरून?"

"तुमच्यावरून. हे म्हणतात आईला दोन वर्षांनी आणू, मी म्हणते आताच."

बेबीनंदानं पदर तोंडाला लावला. मंग म्हणाली, "जोरात भांडलात ना?"