एका वेळी एकच हात

आमच्या पार्लरवाल्या ताईंइतकी स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर उठलेली बाई कर्वेनगरात दुसरी नाही. कोथरूड धरलं तरी नाही. गिऱ्हाइकाला नको म्हणणारे दुकानदार पुण्यात कमी नाहीत, हे मान्य. पण ते माल संपला म्हणून नको म्हणतात, किंवा जेवण अंगावर यायला लागलं म्हणून. ताईंचं तसं नव्हे. ताईंकडे वॅक्स गरम असतं, खुर्ची रिकामी असते, पंखा चालू असतो. आपण बाही वर करून हात पुढे केला की त्या तो हात डॉक्टरांनी नाडी बघावी तसा धरतात, आणि विचारतात, "कोणासाठी काढून राहिल्या?"

ताई मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन पुण्यात आल्याला तीस वर्षं होत आली, त्यामुळे फोनवर त्या "आपण साधारण किती वाजता येताय?" असं अगदी डेक्कनवर जन्मल्यासारखं बोलतात, पण हातात वॅक्सची सुरी आली की अकोलं बाहेर पडतं. पार्लर म्हणजे तळमजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटचा अर्धा हॉल. मध्ये फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यापलीकडे त्यांचे यजमान बातम्या बघत बसलेले. वॅक्सला लागणाऱ्या पट्ट्या ताई विकत आणत नाहीत. यजमानांच्या जुन्या जीन्स कापून, उकळत्या पाण्यात धुऊन त्या वापरतात. दोरीवर निळ्या पट्ट्यांची रांग वाळताना दिसली की पार्लर चालू आहे असं समजायचं. गेली बारा वर्षं माझ्या हातापायांवरचे केस त्या गृहस्थांच्या निरनिराळ्या विजारींनी उपटले आहेत, पण आमची अजून नीट ओळख झालेली नाही.

"कोणासाठी?" या प्रश्नाला बायका काय काय उत्तरं देतात! एका नव्या नवरीने लाजत "त्यांच्यासाठी" म्हणून सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "मग त्यांनाच संग आणायचं होतं. एक पट्टी त्यांना लावली असती." आयटीत काम करणारी एक तरतरीत मुलगी म्हणाली, "माझ्यासाठी. माय बॉडी, माय चॉइस." ताईंनी मान डोलावली, पट्टी घट्ट दाबून बसवली, आणि म्हणाल्या, "मग डिसेंबरात काऊन नाही येत वं? फुल बाह्यांचं स्वेटर घातलं की चॉइस झोपतो का तुझा?" आणि सर्रकन ओढली. मुलगी ओरडली ती वेदनेने की अपमानाने हे कळलं नाही, पण पुढच्या डिसेंबरात ती ऐन कडाक्याच्या थंडीत, खास सूड म्हणून, दोन्ही हात करून घ्यायला आली. ताईंनी तिला फुकट चहा पाजला. ओठांवरच्या केसांची वेळ आली की मात्र वादविवाद मोठा प्रेक्षणीय होतो. दोऱ्याचं एक टोक ताईंच्या दातात असतं, त्यामुळे त्यांना धड बोलता येत नाही. आणि आपण जिभेने ओठ आतून फुगवून धरलेला असतो, त्यामुळे आपल्यालाही उत्तर देता येत नाही. दोन्ही पक्ष नुसतं "हं!" आणि "हूं!" करत भांडतात, आणि डोळ्यांतून पाणी मात्र एकाच पक्षाच्या येतं.

हे ऐकून कुणाला वाटेल की ताई केस काढण्याच्या विरोधात आहेत. छे! कॉलेजातली एक मुलगी त्यांच्याकडे डोक्याचे केस कापायला यायची. बिनबाह्यांचा कुर्ता, काखेतले केस जसेच्या तसे, आणि त्याचा तिळभर संकोच नाही. ताईंना ती फार आवडायची. पण एकदा शेजारच्या खुर्चीत वॅक्ससाठी बाही वर करून थांबलेल्या बाईकडे बघून ती जरा नाक उडवून हसली, तेव्हा ताईंनी कात्री थांबवली. "तू नको काढू. पण तिच्याकडे असं नको पाहू. तुझ्याकडे लोक जसं पाह्यतात ना, तसंच पाहून राहिली तू." मुलीचे कान लाल झाले. समोरच्या इमारतीतल्या एका आजींच्या हनुवटीवर तीन राठ केस येतात, ते उपटायला ताई दर पंधरा दिवसांनी चिमटा घेऊन त्यांच्या घरी जातात. त्यांना मात्र त्या कधी काही विचारत नाहीत. असा पक्षपात का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्याकडे उत्तर तयार असते. बोचतात म्हणते."

मी स्वतः या प्रश्नाला बारा वर्षं एकच उत्तर देत आले आहे: "तुमचं पार्लर चालावं म्हणून." खरं म्हणजे मला बघायला पहिल्यांदा पाहुणे येणार होते त्याच्या आदल्या दिवशी मावसबहिणीने माझे हात धरून वॅक्स केलं. ते पाहुणे नकार देऊन गेले, वॅक्स मात्र राहिलं. पण हे सगळं दोऱ्याखाली ओठ ताणलेला असताना कोण सांगत बसणार?

ताईंचा सगळ्यात विचित्र नियम शाळकरी मुलींसाठी आहे. आई मुलीला पहिल्यांदा घेऊन आली की ताई एका वेळी एकच हात करून देतात. दुसरा नाही. कितीही विनवण्या करा, नाही. त्या दोन हातांनी मुलीने आठ दिवस राहायचं, शाळेत जायचं, डबा खायचा, मग परत येऊन काय ते सांगायचं. दुसराही करायचा, की पहिल्यावर केस येऊ द्यायचे. एक आई तर रडकुंडीला आली होती. "अहो, परवा घरात साखरपुडा आहे! मी अर्धी मुलगी उभी करू का तिथे?" ताई शांतपणे म्हणाल्या, "फोटो एका बाजूनं काढा." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मुलगी आली, आठव्या दिवशी, एकटी.

या नियमावर मी खूप हसत असे. मग माझ्यावर वेळ आली. माझी मुलगी ओवी आठवीत आहे. ती खो-खो खेळते. म्हणजे जेवताना आणि झोपेत सोडून बाकी सगळा वेळ ती तेच करते. तिने मार्चमध्ये मैदानावर जाणं एकाएकी बंद केलं. पोटऱ्या दुखतात म्हणाली. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या आणि अशा पोटऱ्या आपल्याला असत्या तर आपण डॉक्टर झालो नसतो असं सांगितलं. एप्रिलच्या उन्हात पोरगी पायघोळ ट्रॅक पँट घालून हिंडायला लागली. शेवटी एकदा स्कूटरवर मागे बसलेली असताना, तोंड दिसत नसतं म्हणून असेल, म्हणाली, "आई, रांगेत बसलं की पाय दिसतात." संघातलीच एक मुलगी तिच्या पायांकडे बोट करून म्हणाली होती, इथे तर जंगल आहे. सगळ्या हसल्या. "मीपण हसले," ओवी म्हणाली. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर होती, आणि तिने जायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं.

मी या विषयावरचे पुष्कळ लेख वाचलेले आहेत. सिग्नलला थांबल्या थांबल्या मी तिला सगळं सांगितलं: केस नैसर्गिक असतात, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, दुसऱ्यांच्या बोलण्याला किती महत्त्व द्यायचं ते आपण ठरवायचं. ओवीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तू काढतेस ना." सिग्नल हिरवा झाला. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. मी स्कूटर ताईंच्या घराकडे वळवली.

ताईंनी सगळी हकीकत ऐकली आणि तिलाही तोच प्रश्न विचारला. ओवी म्हणाली, "तिने गप्प बसावं म्हणून." ताईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "इतक्या वर्षांत पहिली खरं बोलली पाह्य," त्या मला म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून, "खो-खोवालीचा हात घेऊन काय करू? पाय दे. एकच." ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक गुळगुळीत आणि एक तसाच, मग तर सगळं मैदान हसेल, असं ती म्हणत होती, आणि मला ते पटत होतं. तेव्हा ताईंनी स्वतःचे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. वॅक्स किती गरम आहे ते ताई प्रत्येक गिऱ्हाइकाआधी स्वतःच्या डाव्या हातावर लावून बघतात. त्यामुळे डावा हात कोपरापर्यंत साफ. उजव्यावर मात्र लांब, काळे, दाट केस. "बावीस वर्षं झाली. एक असा, एक तसा. तुले कधी दिसलं?" ओवी दोन वर्षं त्यांच्याकडे केस कापायला येत होती. तिला दिसलं नव्हतं. मी बारा वर्षं ते हात डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर बघत होते. मलाही दिसलं नव्हतं. ताईंनी पडद्याकडे बघून हाक मारली, "अहो, जरा या बरं." यजमान रिमोट घेऊन आले. ताईंनी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. "काय वेगळं दिसून राहिलं?" त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ निरखून पाहिलं, आणि भीत भीत विचारलं, "बांगड्या नवीन घेतल्या?"

ओवी हसली. महिनाभरात पहिल्यांदा ती तशी पोट धरून हसली, आणि हसता हसताच खुर्चीत बसली. पाय करताना ताईंनी अट घातली: आठ दिवस रोज मैदानावर जायचं, हाफ पँट घालून, एक दिवस जरी बुडाला तरी दुसरा पाय मिळणार नाही. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले तेव्हा ती ट्रॅक पँट काढायला पाच मिनिटं घेत होती. चौथ्या दिवशी ती मला न सांगताच सायकलने गेली होती.

आठव्या दिवशी ती धुळीने माखलेली पार्लरमध्ये आली. किती जणींना दिसलं, ताईंनी विचारलं. "दोघींना. एक हसली. दुसरीने विचारलं, दुखतं का." मग ओवीने खुर्चीत बसून दुसरा पाय पुढे केला. "हापण करा." मला फार वाईट वाटलं. आता ती नको म्हणेल, केसांसकट मैदानावर उतरेल, आणि मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगेन, असं मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अगं, पण आता तर तुला कळलंय की कोणी..." ताईंनी मला बोटाने थांबवलं. "आठ दिवस खेळली ना पोरगी? मग झालं तर. पाय तिचा आहे." आणि त्यांनी वॅक्स डाव्या हातावर लावून बघितलं, फुंकर घातली, आणि एक शब्द न विचारता दुसरा पाय करून दिला.

निवड चाचणी रविवारी होती. रविवार म्हणजे पार्लरचा गर्दीचा दिवस, तरी ताई पार्लर बंद ठेवून मैदानावर हजर! चांगला इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, हातात पाण्याची बाटली. माझ्याशेजारी उभ्या राहून त्या मुलींच्या रांगेकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी लंगडी खेळत होती. शाळेत माझ्यासारखी कोणी नव्हती." मी म्हटलं, "मग?" "सोडली आठवीत. स्कर्ट होता गुडघ्यापर्यंत. बाईच म्हणाल्या वर्गात, हिचे पाय पाहा म्हणून." मी विचारलं, घरी काही म्हणाले नाहीत का? "आई म्हणाली, बरं झालं, घरात काम आहे." हे त्यांनी ज्या आवाजात त्या पुढची वेळ देतात त्याच आवाजात सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जाते, त्यांच्या प्रश्नाची टिंगल चारचौघींत रंगवून सांगते, आणि ताईंना असं काही एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात ओवी पळतीसाठी आत उतरली. पहिली दोन मिनिटं तिने अशी हुलकावणी दिली की पलीकडचे प्रशिक्षक वहीतून मान वर करून बघायला लागले. खुंटाला वळसा घालून ती आमच्या बाजूने सुसाट निघाली, मागची मुलगी हातभर अंतरावर. "पय वं पोरी, पय!" ताई ओरडल्या, बाटली खाली पडली, चपला तिथेच राहिल्या, आणि चुन्याच्या रेषेच्या बाहेरून ताई ओवीबरोबर धावल्या. चार पावलं, फार तर पाच. मग दम लागून कमरेवर हात ठेवून थांबल्या. सलवार जराशी वर गेली होती, ती त्यांनी वाकून नीट केली, आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून भोवताली नजर टाकली. मी पटकन मान वळवली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.