ताप उतरला त्या दिवशी

ये गो, अशी जवळ बस. मुंबईत असलीस तरी हे वाचताना जवळच बस. नातसून आहेस, लाड होतील, पण आधी कान धरणार. सातवा महिना चालू आणि म्हणतेस, "आजी, सारखं सारखं रक्त काय काढतात, मी आता देणार नाही." चार थेंबांची कसली गो एवढी कंजुषी? त्या थेंबांसाठी मी घर सोडायला निघाले होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता. आम्ही या तीरावर, दवाखाना पलीकडे रत्नागिरीत, मधे होडी. घरातले पुरुष मुंबईला गिरणीत. माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली. सासूबाई म्हणाल्या, "दूध चढताय. तिसऱ्या दिवशी चढताच." दूध चढताना ताप येतो खरा, म्हणून तर फसतात सगळ्या. दोन दिवस शेगडी, काढे. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला.

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं, पण चिकट, टोपलीतल्या माशासारखं. धाप लागलेली, नाडी हाताला सापडेना इतकी पळत होती. बाळ कुशीत दिलं, तर माझ्याकडे बघून म्हणते, "बाय, हे कुणाचं गो?"

हे बरं होणं नव्हे. मी उठले. "हिला दवाखान्यात नेतेय."

"बारशाआधी बाळंतीण खोलीभाईर?" सासूबाई दारात आडव्या. "आणि थय दवाखान्यात टोचून रक्त काढतील. अंगात ऱ्हायलाय किती! गेलीस तर परत येऊ नको."

"माझी पेटी अंगणात काढून ठेवा. येताना घेऊन जाईन."

डोली बांधली, पण दुसरं टोक धरणार कोण? विटाळ म्हणून शेजारणींनी दारं लोटलेली. तेवढ्यात मासे विकायला येणारी माझी मैत्रीण डोक्यावरची पाटी उतरवून म्हणाली, "आण हिकडं. आम्हा मुसलमानांना तुमचा विटाळ लागत नाय. तेवढा तरी फायदा होऊंदे कुणाला!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जावेच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, त्याला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसल्या. मी म्हटलं, "बाई, ताप तर उतरलाय." सासूबाईंचं खरं ठरलं असतं तरी चाललं असतं गो मला.

"ताप काही सांगू दे. तूच बघ ये."

शाळेची पायरी न चढलेली मी, डोळा लावला. फिकट लाल ठिपक्यांच्या गर्दीत जांभळ्या पोटाच्या गोल गोल पेशी.

"त्या पांढऱ्या पेशी, रोगाशी लढणाऱ्या. रंगामुळे जांभळ्या दिसतात. पिकलेलीच्या पोटात तीन-चार गाठी असतात. हिच्यात बघ, नुसती वाकलेली पट्टी. या सगळ्या कोवळ्या. शरीराने वेळेआधीच बाहेर काढल्यात."

"हिरवं भात कापून आणावं तसं?"

त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. "का कापतात हिरवं?"

"कणगी रिकामी झाली की."

"तेच झालंय. पिकलेल्या लढून संपल्या. विष रक्तात भिनलंय. उद्यावर टाकली असतीस तर मला काही करता आलं नसतं."

मग पेनिसिलिनच्या सुया, रात्रंदिवस. आठवडा गेला आणि एका सकाळी जावेने मलाच दरडावलं, "बाय, हात धुऊन घे गो माझ्या बाळाला." तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

परत आलो तर पेटी खरंच अंगणात, आणि सासूबाई तिच्यावर बसलेल्या. बाळाकडे बघितलं, जावेकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "उचल ती. वाळवी लागंल." माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पण पुढे वाडीत कुणा बाळंतिणीला ताप आला की त्याच मला हाक मारायच्या, "हुभी काय ऱ्हायलीस? होडी सुटंल."

लोक मला आगाऊ म्हणाले. अजून म्हणतात. म्हणू देत. 'कुणाचं' म्हणून जिने विचारलं ती तुझी आजेसासू, आणि ते बाळ तुझा सासरा. आता सांग, कुणाचं?

तेव्हा मुकाट्याने रक्त दे. तपासणीचा कागद घेऊन इकडे ये, पांढऱ्या पेशींची ओळ मी स्वतः वाचणार, त्यासाठीच तर पुढे अक्षरं शिकले. मोटार आता थेट दारात येते. लवकर ये गो, वाट बघतेय.