दौलतचं पाचवं शील

दौलत विहारात चार शीलं खणखणीत आवाजात घ्यायचा आणि पाचव्याला तोंड मिटून बसायचा. पाचवं नशा न करण्याचं. ते सगळे म्हणत, भरदुपारी झिंगून पडणारेही म्हणत. हा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "चौथं आताच तं घेतलं ना गा, खोटं न बोलण्याचं. पाचवं म्हणलं का चौथंही मोडते. एक मोडलेलं पुरे."

आम्ही दोघं एकाच कारखान्यात लाकडाला पॉलिश मारायचो. त्याच्या हातचं कपाट असं चमके की गिऱ्हाईक त्यात बघून मिशा नीट करी. पण सकाळी आल्याआल्या त्याचे हात थरथरत. बसायचा, उठायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा, उगाच फडकी झटकायचा. मग कोपऱ्यात जाऊन मोहाची बाटली तोंडाला लावली की बोटं दगडासारखी स्थिर. "मी मजेसाठी नाही पेत, नामा. हाताले पाजतो," म्हणायचा. मी हसायचो. त्या बोलण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

एका बुद्धपौर्णिमेला विहार भरलेला असताना मी त्याला डिवचलं. "चार घेतले, पाचवं काय सासऱ्यासाठी ठेवलं का बे?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दौलत उठून उभा राहिला आणि पाचवं शील एकट्यानं, मोठ्यानं म्हणाला. हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात. "आता म्हणलं तं पाळा लागते. मले तुह्या मागच्या खोलीत कोंड. माह्या घरी नको, अनसूया दार उघडून देईन. मी कितीही बोंबललो तरी उघडू नको."

मी कुलूप लावलं. शब्दाचा पक्का माणूस म्हणून माझा लौकिक होता.

पहिला दिवस तो घामानं निथळत खोलीभर फेऱ्या मारत राहिला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर मुंगी नव्हती. खिडकीतून पाणी दिलं तर अर्धं अंगावर सांडलं. त्याची बायको अनसूया धावत आली. "भाऊजी, त्याले दवाखान्यात तरी न्या, नाही तं एक घोट द्या. हे काही बरं नाही दिसून राहिलं."

"दोन दिवस कळ काढ वं. दारू न पेल्यानं कोणी मरते काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आतला आवाज बंद झाला. मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, सुटली त्याची! मग काहीतरी धडधड आपटल्याचं ऐकू आलं. दार उघडलं तर दौलत जमिनीवर झटके देत होता, जीभ चावलेली, डोळे पांढरे. रिक्षात घालून नेला. संध्याकाळच्या आत गेला.

डॉक्टर चिडून म्हणाले, "इतक्या वर्षांची दारू अशी एका दिवसात तोडतात का? शरीर उलटतं. इथे आणायचं होतं, यावर औषध असतं."

मातीला आलेली माणसं म्हणत होती, दारूनं खाल्ला बिचाऱ्याला. अनसूयेनं ते ऐकलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तीन दिस झाले होते त्यानं शिवली नव्हती. लोकायले सांगजा, भाऊजी."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किल्ली कोणाच्या खिशात होती, तेही सांगावं लागलं असतं.