थांबलेले चमचे

सोलमध्ये सुनेच्या माहेरी पहिल्यांदाच जेवायला बसलो होतो. सूप वाफाळत होतं, पण कुणीच हात लावेना. पाहुण्याने घाई करू नये म्हणून मीही थांबलो.

"बाबा, चमचा उचला! सगळ्यांत मोठे तुम्ही. तुमच्याआधी इथे कुणी खाणार नाही," मुलगा कुजबुजला.

मी उचलला, आणि सगळे हसत जेवणावर तुटून पडले.

कोरियाची भरभराट म्हणजे माया नसलेली शिस्त, असं मी वर्गात शिकवत आलो; त्याच हट्टाने मुलाच्या लग्नालाही गेलो नाही. ते चुकलंच. थोरांना मान देण्याची कन्फ्यूशियसची ही रीत जहाजं बांधणाऱ्या व्याह्यांच्या घरात अजून नांदते आहे. एकमेकांसाठी थांबणारी माणसं कारखानेही असेच उभारत असतील.

"बाबा, आणखी वाढू?" सुनेने मराठीत विचारलं.

"वाढ, पोरी."

माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'पोरी' ऐकून तिने चमकून नवऱ्याकडे पाहिलं आणि वाटी काठोकाठ भरली.