छातीकडे गेलेला हात

मालिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना एकच काम. वाईट बातमी ऐकायची, छातीला हात लावायचा आणि सोफ्यावर कोसळायचं. मग डॉक्टर बाहेर येऊन सांगतो, "यांना कसलाही धक्का बसता कामा नये." झालं! पुढे अख्खं घर कुजबुजत राहतं आणि म्हातारी देवासमोर बसून सगळ्यांचं भलं चिंतते. एखादी तरी म्हातारी बँकेत कारकुनाशी भांडताना दाखवा की मेल्यांनो!

तरी मी बघते. अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे राहायला आल्यापासून रोज, जेवणाआधी. सून ॲपवर लावून देते. बघताना मी रडतेही, अगदी पदराने डोळे पुसत. रडायला बरं वाटतं म्हणून रडते. पण मुलाने त्याचा भलताच अर्थ घेतला. आई हळवी झाली म्हणे, तिला जपायला हवं.

त्या आठवड्यात घरात काहीतरी शिजत होतं. मुलगा ऑफिसला जाईना. "वर्क फ्रॉम होम आहे गं," म्हणाला. मग फोन आला की बाहेर गाडीत जाऊन का बसतोस बाबा? सून तर भर दुपारी विचारायला लागली, "आई, तुमची मालिका लावू का?" मी टीव्हीसमोर बसले की दोघं किचनमध्ये भराभर इंग्रजीत बोलायची, आणि वर शेगडीवरचा धूर ओढायचा पंखा घरघरत चालू. फोडणी नाही, धूर नाही, मग पंखा कसला? मी काय दुधखुळी आहे?

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. याला काही दुखणं तर नाही ना? दोघांचं बिनसलंय का? खिडकीशी जायचे, परत यायचे, विणलेलं उसवायचे. जेवण गोड लागेना.

एका संध्याकाळी मालिकेतली आजी लाडू खात हसत होती. तिचा मुलगा तुरुंगात होता आणि तिला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं. तेवढ्यात किचनमधला पंखा सुरू झाला. माझं डोकंच फिरलं. मी टीव्ही बंद केला, तडक आत गेले आणि पंखाही बंद केला.

"काय झालंय?"

"काही नाही, आई. तुम्ही बसा ना, मी चहा टाकते," सून म्हणाली.

"चहा नको. हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत."

मुलगा खाली बघत म्हणाला, "तुला उगाच टेन्शन नको म्हणून..."

"तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं मी तुला. कोसळलास का तेव्हा?"

त्याने मान वर केली.

"नाही. तुझ्या हातातली पिशवी घेतली होती मी," म्हणाला. मग एका दमात बोलून गेला, "जॉब गेलाय, आई. लवकर दुसरा मिळाला नाही तर व्हिसा संपेल. हे घर, सगळं सोडून जावं लागेल."

शप्पथ सांगते, माझा हात आपोआप छातीकडे गेला. अगदी मालिकेतल्यासारखा! आत नुसती धडधड. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दोघं घाबरून पुढे धावली.

मी तोच हात पुढे केला आणि मुलाचं मनगट धरून त्याला खुर्चीत बसवलं.

"आता पहिल्यापासून सांग," म्हटलं. "आणि मराठीत."